घरी पवनचक्की करायची तर आधी वारा, मग खांब, मग यंत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाटण तालुक्यात पठारावर घर आहे, समोरच्या डोंगरावर कंपन्यांच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते आणि घरात जुन्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनाने फिरून वीज करणारं यंत्र) पडून आहे. त्यापासून पवनचक्की करून गच्चीवर बसवली तर घर चालेल का, आणि बिल शून्यावर येईल का?

बिल शून्यावर येणार नाही. पावसाळ्यातला अंधार मात्र जाऊ शकतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांपेक्षा तुमच्याकडे ती शक्यता जास्त आहे. अल्टरनेटर भंगारात द्या आणि गच्चीचा नाद सोडा. का, ते सांगतो, म्हणजे पुढे खर्च कुठे करायचा तेही कळेल.

सगळं गणित दोन गोष्टींवर उभं आहे: पाती जेवढं वर्तुळ झाडून काढतात त्याचं क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर वीज दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट होते, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असते. त्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के काढता येते, त्यापुढे कोणी जाऊ शकत नाही. ही बेट्झची मर्यादा. घरी केलेलं चांगलं यंत्र, जनरेटर आणि तारांमधलं नुकसान धरून, 20 ते 25 टक्क्यांवर समाधान मानतं.

आकडे घालून बघू. पात्यांचा व्यास 2.4 मीटर धरा. घरी करण्यासाठी मी हाच आकार सुचवतो, कारण पाती एका माणसाला हाताळता येतात आणि तरी काहीतरी पदरात पडतं. वर्तुळ साधारण साडेचार चौरस मीटरचं होतं. तुमच्या उंचीवर हवा थोडी विरळ, म्हणून घनमीटरला 1.1 किलो धरू. वारा सेकंदाला 3 मीटर असेल तर हातात येतात 17 वॉट, म्हणजे दोन एलईडी दिवे. 5 मीटरला 75 ते 80 वॉट. 10 मीटरला 600 वॉटच्या आसपास. जाहिरातीत ‘1 किलोवॉट पवनचक्की’ लिहिलेलं असतं ना, तो आकडा बहुधा 12 मीटरच्या वाऱ्याचा असतो. तसा वारा तुमच्या अंगणात वर्षातून किती तास वाहतो ते त्या कागदावर नसतं. म्हणून यंत्र विकत घ्या की घरी करा, वॉटचा आकडा सोडून आधी व्यास विचारा.

आता महिन्याचा हिशेब. वारा एकसारखा नसतो, झुळका धरून सरासरीपेक्षा जास्त ऊर्जा मिळते. ते गृहीत धरून हाच 2.4 मीटरचा पंखा वाऱ्याची वार्षिक सरासरी सेकंदाला 3 मीटर असलेल्या जागी महिन्याला 18-19 युनिट देतो, 4 मीटरला 45 आणि 5 मीटरला 85 च्या जवळपास. तुमच्या घरात फ्रिज, तीन पंखे, टीव्ही, दिवे आणि अर्ध्या एचपीचा पंप आहे, म्हणजे दिवसाला साडेचार-पाच युनिट लागत असतील. त्या मानाने एका किलोवॉटची सौर पॅनेलं दिवसाला सरासरी 4 युनिट देतात, तीही काही न हलवता, काही न झिजवता. बिल कमी करणं एवढाच हेतू असेल तर पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान आहे. ते घ्या आणि हे उत्तर इथेच सोडा.

पण तुमचा खरा त्रास पावसाळ्याचा आहे, आणि तिथे पवनचक्कीला जागा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते ऑगस्ट ढग हटत नाहीत, पॅनेलं निम्म्यावर येतात, आणि नेमका त्याच महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस वाहतो. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर हा पट्टा पवनऊर्जेसाठी निवडला गेला तो याच वाऱ्यामुळे. पावसाळ्यात वाऱ्याची सरासरी सेकंदाला 7 मीटरपर्यंत गेली तर आपला छोटा पंखाही दिवसाला 5 युनिटच्या घरात जातो. दिवाळीनंतर हाच पंखा अर्ध्या युनिटवर येतो आणि बरेच दिवस नुसता उभा असतो. म्हणून तुमच्यासाठी योग्य जोडी अशी: 1 किलोवॉट पॅनेल, सोबत 2.4 मीटरचा पंखा, दोघांची बॅटरी एकच. एवढी भट्टी जमली तर आठ महिने ऊन आणि चार महिने वारा.

हे सगळं ‘सरासरी’ या शब्दावर अवलंबून आहे, आणि समोरच्या डोंगरावरचे पंखे फिरतात म्हणून तुमच्या परसातही तेवढा वारा आहे असं होत नाही. ते पंखे कड्यावर आहेत आणि तुमच्या घराच्या कितीतरी वर फिरतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा आणि जागतिक पवन नकाशा दोन्ही फुकट पाहायला मिळतात. त्यातून परिसराचा अंदाज घ्या, पण ते आकडे मोठ्या उंचीचे असतात हे लक्षात ठेवा. मग 9-10 मीटरच्या पाइपवर तीन वाट्यांचा वेगमापक लावा. चुंबक, रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) आणि आर्डुइनो (छोटा संगणकी बोर्ड) वापरून नोंदी ठेवणारं यंत्र कॉलेजातला पोरगाही करून देईल. किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजा. लोकांना एवढा धीर नसतो, हे मला माहीत आहे. मोजायचं नसेल तर निदान बांधावरची झाडं बघा: एकाच बाजूला कायमची कललेली असतील तर जागेत दम आहे.

गच्ची नको, त्याची दोन कारणं. घराला आपटून वारा वर उसळतो आणि त्यात भोवरे तयार होतात. भोवऱ्यात पंखा सतत तोंड फिरवत राहतो, वीज कमी देतो आणि पाती व बेअरिंग लवकर खातो. दुसरं म्हणजे कंप. खांब स्लॅबला किंवा भिंतीला बांधला की रात्रभर घुमणारा आवाज घरात उतरतो, आणि पहिल्या पावसाळ्यातच घरची माणसं तो उतरवायला लावतात. जुना नियम असा आहे की दीडशे मीटरच्या परिघात जे सर्वांत उंच असेल, घर किंवा झाड, त्याच्यापेक्षा पंख्याचं खालचं टोक 9 मीटर तरी वर हवं. पठारावर झाडं खुरटी असतात, त्यामुळे नियमात थोडं कमी बसलं तरी तुम्हाला 12 मीटरचा खांब चालेल. झाडझाडोरा असलेल्या जागी 6 वरून 12 मीटरवर गेलं तर वीज दीडपटीच्या पुढे जाते. तेवढी वाढ यंत्रात काहीही सुधारून मिळत नाही. मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाने शाळकरी वयात सायकलचा डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि तापवून सपाट केलेले पीव्हीसी पाइप जोडून घरात दिवे लावले, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यानेही पुढे काय केलं, तर झाडांच्या वरचा वारा मिळावा म्हणून खांब वाढवला.

खांबासाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, चारही दिशांना ताणाच्या तारा, आणि बुडाशी बिजागरी, म्हणजे तो आडवा करता येईल. ही बिजागरी चैन नाही. ग्रीस, रंग, वादळ, प्रत्येक कारणासाठी पंखा खाली आणावा लागतो, आणि 12 मीटर उंच नुसत्या पाइपवर चढून काम करणं हा जीव घालवायचा मार्ग आहे. तारांचे खुंट खांबापासून उंचीच्या निम्म्या अंतरावर तरी हवेत, शक्य तर आणखी लांब. जांभ्याचा कातळ असेल तर ड्रिल करून सळई काँक्रीटमध्ये बसवता येते. काळ्या मातीत मात्र खुंट उन्हाळ्यात सैल आणि पावसाळ्यात फुगून तिरका होतो. तिथे खोल खड्डा, आडवा ठोकळा आणि वर दगडमाती. पंख्यावर येणारा रेटा किती असतो ते बघा: 11 मीटरच्या वाऱ्यात सुमारे 25 किलो, पण 30 मीटरच्या वादळात पंखा तोंड फिरवू शकला नाही तर 200 किलो, तोही 12 मीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला. खांब उभा करताना एकच माणूस हुकूम देईल, बाकीच्यांनी तोंड मिटून दोर धरायचे, आणि खांब पडला तर जिथवर पोचेल त्या पट्ट्यात पोरंटोरं, गुरं, कोणी नको. खांब, खुंट, तारा आणि केबल यांचा खर्च यंत्रापेक्षा जास्त येतो. तो आला नाही तर कुठेतरी काटकसर नको तिथे झाली आहे.

आता यंत्र. गाडीचा अल्टरनेटर का नको? तो मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांसाठी केलेला असतो आणि स्वतःच्या फील्डसाठी, म्हणजे आतलं चुंबकत्व तयार करायला, बॅटरीचाच करंट खातो. आपली पाती मंद वाऱ्यात मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे घेतात. पट्टा-पुली लावून वेग वाढवला तर जे थोडं मिळणार तेच घर्षणात जातं. छताच्या साध्या पंख्याच्या मोटरमध्ये चुंबकच नसतात, त्यामुळे व्हिडिओत तिच्यावर बल्ब पेटताना दिसतो तेव्हा वायर कुठून आली आहे ते बघत जा. शिकण्यासाठी इलेक्ट्रिक सायकलची हब मोटर (चाकातच बसवलेली मोटर) उत्तम: कायमचे चुंबक आतच असतात, कमी फेऱ्यांत व्होल्ट देते, मीटर-सव्वा मीटर व्यासाची पाती लावून मोबाइल आणि दिवे चालवता येतात. पहिला प्रयोग त्यावरच करा. उभ्या आसाचे पिंपाचे किंवा फुलासारखे दिसणारे पंखे दिसायला छान, पण वाऱ्याच्या नुसत्या ढकलण्यावर चालणारे. त्याच पैशात आणि पत्र्यात फार कमी वीज देतात.

घर चालवण्यासाठी मात्र चकतीचा अल्टरनेटर स्वतः करावा. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या स्कोरेगचे ह्यू पिगॉट यांनी जगभर पसरवली. तिथे रस्ता नाही, ग्रिडची वीज नाही, घरं वर्षानुवर्षं अशाच पंख्यांवर राहत आली. रचना सोपी आहे. जाड लोखंडी पत्र्याच्या दोन गोल चकत्या, प्रत्येकीवर 12 निओडिमियम (फार ताकदीचे) चुंबक, उत्तर-दक्षिण आलटून पालटून. दोन चकत्यांच्या मधे रेझिनमध्ये ओतलेली 9 कॉइलची थाळी, जी स्थिर राहते. चकत्या जुन्या गाडीच्या चाकाच्या हबवर फिरतात. कॉइलमध्ये लोखंड नाही, म्हणून पंखा अडखळत नाही आणि झुळुकेवरही सुटतो. पत्रा कापायला लेझर कटिंगवाला, हबला लेथवाला आणि तांब्याला वाइंडिंग वायरचं दुकान. कराड किंवा साताऱ्याच्या पलीकडे जावं लागू नये.

इथे सगळ्यात जास्त चुका कॉइलमधल्या तारेच्या फेऱ्यांच्या संख्येत होतात, म्हणून तेवढं नीट सांगतो. कॉइलला किती फेरे, हे दुसऱ्याच्या यंत्रावरून उचलू नका, कारण तुमच्या चुंबकाचा आकार आणि मधलं अंतर वेगळं असणार. चाचणीची एक कॉइल करा, समजा 50 फेऱ्यांची. चकत्या बसवून लेथवर मिनिटाला 160 च्या गतीने फिरवा आणि त्या एका कॉइलचा एसी व्होल्ट मोजा. 12 ध्रुव आणि 9 कॉइल असताना दर तिसरी कॉइल एकाच तालात असते, त्यामुळे एका फेजच्या, म्हणजे एका तालातल्या गटाच्या, तीन कॉइलची बेरीज होते. स्टार जोडणीने (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र बांधून) ती 1.73 पट होते आणि डायोड ब्रिजमधून डीसी होताना आणखी 1.35 पट. म्हणजे एका कॉइलच्या व्होल्टची सुमारे सातपट. 48 व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला निदान 50 हवेत, डायोडमध्ये दीडेक व्होल्ट जातो, म्हणून त्या एका कॉइलला मिनिटाला 160 च्या गतीवर सुमारे 7.35 व्होल्ट यायला हवेत. चाचणीत तारेच्या 50 फेऱ्यांना साडेतीन आले तर साधारण 105 फेरे लागतील. गती 160 का? कारण 2.4 मीटरची पाती 3 मीटरच्या वाऱ्यात साधारण तेवढीच फिरतात. तारेचे फेरे कमी पडले तर मंद वारा फुकट जातो. फार जास्त केले तर अल्टरनेटर पात्यांना लवकर जखडतो आणि जोरदार वाऱ्यात ती गुदमरतात. जाणकार म्हणवणारेही याचं खापर पात्यांवर फोडतात.

12 व्होल्ट ठेवू नका, 48 च घ्या. 500 वॉटला 12 व्होल्टवर 42 अँपिअर वाहतात, 48 वर साडेदहा. तीच केबल असेल तर नुकसान 16 पटींनी कमी होतं.

चुंबकांचं एक सांगायचं राहिलं होतं. ते हातात घेऊन बघायची वस्तू नाही. दोन चकत्या एकमेकींवर सुटल्या तर मधलं बोट राहत नाही. आटे पाडलेले तीन रॉड लावून वरची चकती सूतसूत खाली उतरवायची. वर्कशॉपचा ओटा लोखंडाच्या भुशापासून स्वच्छ हवा, वेल्डिंग लांब. साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर गेले तर ताकद कायमची गमावतात, आणि वरचा मुलामा खरचटला तर पावसाळी हवेत फुगून भुगा होतात. म्हणून रेझिनमध्ये बुडवा, आणि कोकणात करणार असाल तर दोनदा बुडवा.

पाती लाकडाची. पीव्हीसीची पाती मीटरभर व्यासापर्यंत ठीक, त्यापुढे उन्हाने ठिसूळ होतात आणि तुटली की भाल्यासारखी सुटतात. लाकूड हलकं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं. शिवण किंवा पॅकिंगच्या खोक्याचं निवडक पाइन चालतं, सागवान मजबूत पण जड पडतं. वाऱ्याकडची बाजू सपाट, मागची फुगीर, बुडाशी रुंद आणि जास्त तिरकी, टोकाशी अरुंद आणि जेमतेम 3-4 अंश तिरकी. सुतार रंधा उत्तम चालवतो, पण हे माप त्याच्या सवयीतलं नाही; शेजारी बसावं लागतं. तिन्ही पाती जोडल्यावर समतोल साधल्याशिवाय वर चढवू नका. जवसाचं तेल आणि रंग दरवर्षी. टोकाची पुढची धार पाऊसच कुरतडतो, तिथे इपॉक्सीचा थर द्या.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते: पंखा फिरवणं सोपं असतं, थांबवणं अवघड. 10 मीटरचा वारा 30 झाला तर त्यातली शक्ती 27 पट होते. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा वारा साधारण असाच, ताशी 110 किलोमीटरच्या पुढे होता. यावर उपाय शेपटीत आहे. पंखा खांबाच्या मध्यावर न बसवता थोडा बाजूला बसवतात आणि शेपटीची बिजागरी तिरकी ठेवतात. वारा वाढला की पंख्यावरचा रेटा त्याला बाजूला वळवू पाहतो, शेपटीचं वजन त्याला धरून ठेवतं. 10-11 मीटरच्या पुढे रेटा जिंकतो, शेपटी वर उचलून दुमडते आणि पंखा वाऱ्याकडे पाठ नसली तरी कुशी फिरवतो. वारा उतरला की शेपटी आपल्या वजनाने परत खाली. ना वायर, ना सेन्सर. शेपटीचं वजन जरा जास्त झालं तर पंखा वळत नाही आणि थाळी जळते, कमी झालं तर चांगल्या वाऱ्यातही तो तोंड लपवतो. हे वजन पहिल्या पावसाळ्यात दोन-तीनदा खांब खाली घेऊन जुळवावं लागतं.

दुसरा ब्रेक म्हणजे तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करणारा स्विच. तो वादळ यायच्या आधी टाकायचा. पंखा भन्नाट फिरायला लागल्यावर टाकला तर तो थांबेलच असं नाही, कॉइल मात्र तापून जाऊ शकतात. वादळाची सूचना आली तर खांब आडवा, यावर वाद नको.

याच्याशीच जोडलेली गोष्ट कंट्रोलरची, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्राची. पॅनेलचा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. पवनचक्कीला तसं तोडलं तर तिच्यावरचा भार जातो आणि ती मोकाट सुटते, व्होल्ट दोन-तीन पटींनी चढतात. म्हणून तिला असा कंट्रोलर हवा जो जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये वळवतो. पाणी तापवा, पावसाळ्यात कोणाला नको असतं! लिथियम बॅटरी घेणार असाल तर तिच्यातलं संरक्षक सर्किट भर वाऱ्यात अचानक तुटू शकतं, आणि त्या क्षणी इन्व्हर्टरसकट सगळं उडतं. हीटरचा भार पंख्याच्या ब्रिजवरच व्होल्ट बघून चालू होईल असा ठेवा. अशा पंख्याला साधी ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी जास्त सहनशील असते, माझा कौल तिलाच. घरी केलेलं यंत्र महावितरणच्या लाइनला जोडायचा विचार करू नका, लाइनमनच्या जिवाशी खेळ होतो.

वळवाच्या विजांसाठी खांब आणि चारही तारांना वेगळं अर्थिंग, आणि केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा). केबल पाइपच्या आतून मोकळी लोंबती सोडा, स्लिप रिंग (फिरता विद्युत जोड) लागत नाही. खाली एक प्लग ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी पीळ सोडवला की झालं.

तुमच्या घरातले छताचे तीन पंखे 75 वॉटचे असतील तर आधी ते बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या चुंबकी मोटरचे) करा, 30 वॉटच्या आसपास येतात. दिवसाला सव्वा युनिट वाचेल, म्हणजे हिवाळ्यात पवनचक्की जेवढं देते त्याच्या दुपटीहून जास्त. पंप मात्र बॅटरीवर टाकू नका. लाईट असेल तेव्हा टाकी भरून घ्या. वेगमापकाच्या नोंदी आणि चाचणी कॉइलचा व्होल्ट हातात आला की चुंबकाच्या मापासकट लिहा, फेरे आणि तारेचा गेज काढून देतो.